दोरवाल्यांची पाटी

मी पाट्या रंगवते आणि माझं तोंड फटकळ आहे, हे साऱ्या बाजारपेठेला ठाऊक आहे. दादा अगदी उलट. चौकातल्या जुन्या दगडी इमारतीत वडिलांनी भाड्याच्या गाळ्यात थाटलेलं दोरांचं दुकान तो चालवायचा. सुतळीपासून नावेच्या दोरापर्यंत सगळं मिळायचं. मापताना हातभर जास्तच द्यायचा, वर गिऱ्हाइकाचे आभार मानायचा.

जतन समिती आली तेव्हा दादा हरखून गेला. इमारत पाडायची नाही आणि दर्शनी भिंतीवरची दुकानांची नावं पुन्हा रंगवायची, असं ठरलं. काम मला मिळालं. वडिलांचं नाव रंगवताना शिडी दादानेच धरली. लहानपणी एकदा मी पडले, तेव्हापासून माझी शिडी तो दुसऱ्या कुणाला धरू देत नाही.

"आता आपल्याला कोण हलवतंय?" तो खालून म्हणाला. "नावालाच संरक्षण मिळालंय."

समितीच्या बाई पाहायला आल्या. अक्षरं फारच नवी दिसतात, जरा जुनाट करता येतील का, असं विचारलं. जुनी हवीत तर मी मरेपर्यंत थांबा, मी सुनावलं. दादाने माझ्या वतीने माफी मागितली.

इमारत देखणी झाली आणि मालकाची नियत फिरली. दुकान रिकामं करा म्हणाला. मी दादाला घेऊन समितीकडे गेले. बाईंनी गोड बोलून समजावलं की नियम भिंतीला आहे, नावाला आहे. आत कोण बसणार ते मालक ठरवेल. दादा मान डोलावत राहिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता तिथे कॉफीचं दुकान आहे. दादाच्याच दोरांची वेटोळी त्या लोकांनी शोभेला टांगलीत. बाहेर, वर, आमच्या वडिलांचं नाव. मेल्यांना लाज कशी ती नाही.

काल मी पत्र्याचा तुकडा घेऊन भिंतीला शिडी लावली. कुणी तरी कळवलं असणार, दादा आला. आता समजूत घालणार म्हणून मी तोंड उघडलं, तर त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"नीट खरवड," तो म्हणाला. "एक अक्षर ठेवू नकोस."

अर्धं नाव उडालं, तेवढ्यात बाई लगबगीने आल्या. म्हटलं, आता पोलीस बोलावणार. त्या मात्र चार पावलं मागे सरकल्या आणि मान तिरकी करून बघत राहिल्या.

"आता कसं, खरं जुनं दिसतंय," त्या म्हणाल्या. "आणखी हात लावू नका हं. असंच राहू दे."

शिडी हलली. खाली बघितलं तर दादा ती सोडून चालायला लागला होता.