गोड्या पाण्यातला मासा

पंढरीने दगड ओहोटीच्या डबक्यात बुडवला आणि तळहाताने चोळून त्याचा चिखल काढला. आत मासा होता. आधी वाटलं, कुणी छिन्नीने कोरला असेल. मग खवले दिसले. जाड, चकचकीत, शंकरपाळ्यांसारखे एकाला एक लागून बसलेले. शेपटीकडचा भाग तुटून गेला होता. तो दगड हातात धरून तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. नवल वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कित्येक महिने त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. जेवतानासुद्धा जिभेला चव नसे; सुगंधा वाढेल ते खायचं, वर पाणी प्यायचं आणि उठायचं.

शिवाय तो मासा शोधायला आलाच नव्हता. तो तीन धोंडे शोधत होता.

नवराबायको दोघं संगमनेरकडच्या कोरड्या मुलखातली. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम निघालं, तेव्हा खडक फोडणाऱ्या टोळीबरोबर आली आणि समुद्रकाठच्या घिवली गावाच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत राहिली. गेल्या वैशाखात त्यांची चंद्री तापाने गेली. तीन वर्षांची पोर. लहान लेकराला त्यांच्याकडे जाळत नाहीत, ओढ्याच्या काठाला पुरतात. वर तीन धोंडे आणि बाभळीची काटेरी फांदी ठेवतात. पंढरीने इथेही तेच केलं. खाडीचं पाणी लांब खाली गेलेलं होतं, काठाची माती कोरडी ठणठणीत होती. जागा बरी वाटली. पाणी म्हणजे वरून खाली वाहणारं. ते उलटं फिरून काठावर चढेल, हे त्या बिचाऱ्याच्या सात पिढ्यांना ठाऊक नव्हतं. घिवलीतल्या कुणीही त्याला सांगितलं असतं, पण त्या दिवशी विचारायचं सुचणार कुणाला? नारळी पौर्णिमेच्या उधाणाने काठाचा तेवढाच लचका तोडून नेला. धोंडे गेले, फांदी गेली, चिखलाची घसरण तेवढी उरली.

सुगंधाला त्याने हे सांगितलं नव्हतं. आईने त्या जागी जायचं नसतं, अशी त्यांच्याकडची रीत, त्यामुळे खोटं बोलणं सोपं पडलं. दर अवसेला आणि पुनवेला ती फडक्यात भाकरीचा चतकोर आणि गुळाचा खडा बांधून देई. तो खाडीवर येई, भाकर चिखलावर ठेवी, खेकडे ती ओढून नेत. मग गुडघाभर चिखलात धोंडे चाचपडत फिरे आणि घरी जाऊन सांगे, धोंडे जागच्या जागी आहेत. सुगंधा मान हलवी.

आज धोंड्यांच्या ऐवजी हा मासा हाताला लागला होता.

दुसऱ्या दिवशी तो दगड त्याने रेगे साहेबांच्या तंबूत नेऊन ठेवला. पाया घालायच्या आधी खडक तपासणारे हे साहेब. मजूर त्यांना दगडांचे साहेब म्हणत. माणसांपेक्षा दगडांनाच ते जास्त जीव लावतात, अशी त्यांची थट्टाही चाले. त्यांनी दगड ओला केला, भिंग लावलं, खवल्यांवरून नख फिरवलं, आणि चहा गार झाला तरी मान वर केली नाही. मग खुर्ची ओढून त्यांनी पंढरीला बसायला सांगितलं. पंढरी खालीच बसला.

हा मासा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, त्यांनी सांगितलं. इथे जमिनीतून तापलेला रस वाहत आला, थिजला, त्याचाच हा काळा कातळ झाला. एका लोंढ्यानंतर दुसरा यायला हजारो वर्षं लागली, तेवढ्यात वर तळं साचलं. त्या तळ्यातला हा. असे चौकटीचे खवले समुद्राच्या माशाला नसतात, आणि या जातीचा मासा आपल्याकडे आता कुठेच उरलेला नाही.

"म्हंजी हितं गोडं पाणी व्हतं?" पंढरीने विचारलं.

"गोडं. समुद्र तेव्हा इथे नव्हताच."

"मग एवढा टिकला कसा?"

"मेल्यावर तळाला गेला. वर गाळ बसला. भरती नाही, ओहोटी नाही, कुणी हलवलंच नाही त्याला."

पंढरी त्या माशाकडे बघत राहिला. त्याला माशाचा राग आला. कुणाचं काय टिकावं आणि कुणाचं काय जावं, याला काही धरबंधच नव्हता. इतक्या महिन्यांनी त्याला काही तरी वाटलं, आणि तेही एका दगडाबद्दल.

साहेब म्हणाले, त्या जागी आणखीही काही सापडेल; रविवारी ओहोटीला माणसं घेऊन खणू, तू जागा दाखव. पंढरी हो म्हणून बसला आणि बाहेर आल्यावर मग त्याच्या ध्यानात आलं. मासा सापडला होता तो त्याच घसरणीच्या पायथ्याशी.

वस्तीत बोभाटा व्हायच्या आत त्याने घरी सांगितलं. साहेब खाडीवर खणणार आहेत, पण आपल्या जागेपासून लांब, असंही वर जोडलं. सुगंधा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही.

"मी येते," ती म्हणाली.

आईने जायचं नसतं, हे त्याच्या तोंडावर आलं होतं, पण तिच्याकडे बघून त्याने ते गिळलं. रविवारपर्यंत तो मनातल्या मनात जागा शोधत राहिला. कुठे बोट दाखवायचं, धोंडे कुठे आहेत म्हणून सांगायचं? नवे तीन धोंडे नेऊन ठेवावेत असंही त्याच्या डोक्यात येऊन गेलं. ते हातून झालं नाही.

रविवारी पाणी उतरलं होतं. काठच्या तिवराच्या झाडांच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या. साहेब, कुदळी घेतलेले दोन गडी, मागे पंढरी आणि सुगंधा, असे सगळे काठाने निघाले. साहेबांनी विचारलं, कुठे? पंढरीने खाडीच्या पलीकडच्या अंगाला हात उचलला, पण तो तसाच अर्धा राहिला. सुगंधा लुगडं वर खोचून घसरणीवरून खाली उतरत होती. तिने कुणाला काही विचारलं नाही. चिखलात एका जागी जाऊन ती उभी राहिली. पंढरी भाकर ठेवत असे, नेमकी तिथे.

"सायेब, एवढी जागा सोडून कुठंबी खणा," ती म्हणाली. "हितं आमची तीन धोंडं हायती."

साहेबांनी त्या मोकळ्या चिखलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पंढरीकडे. आणि गड्यांना घेऊन ते बरेच पुढे, तिवरांच्या पलीकडे गेले.

पंढरी खाली उतरला. पाय घोट्याच्या वर रुतत होते.

"तुला ठावं व्हतं?"

"तुमच्या धोतराला गुडघ्यापोत्तर चिखल. कोरड्या जागंवरून आलेल्याला एवढा चिखल व्हय? मग पोळ्याच्या दिशी तुमच्या पावलांच्या मागनं एकली येऊन बघून गेले."

"मग भाकर कशाला देत व्हतीस?"

 पलीकडून कुदळीचा आवाज येऊ लागला होता.

"तुमी जेवत नव्हता धड," ती म्हणाली. "म्हणलं, हितं आल्यावर तरी खाल."

तिने कनवटीचं फडकं सोडलं आणि भाकरीचे दोन तुकडे केले. एक चिखलावर ठेवला. दुसऱ्यात गुळाचा खडा घालून त्याच्या हातात दिला आणि तो खाईपर्यंत तिथून हलायचं नाही अशी समोर उभी राहिली. पंढरीने घास घेतला. तो चावत राहिला, चावत राहिला. गूळ गोड लागला, आणि तो तिथेच चिखलात खाली बसला.