निकामी ठरवलेल्या बोर्डाचं म्हणणं

शिक्षण खात्याचे साहेब, तुम्ही मला न तपासता मेलेला ठरवलंत. एकदा बटण दाबलंत, काळा पडदा पाहिलात, चहा संपवलात आणि 'निकामी' असा शेरा मारून गाडीत बसलात. मी तेव्हा धडधडीत जिवंत होतो.

मित्रांनो, मी एक जुना, तळहाताएवढा संगणक आहे. मला नुसतं 'बोर्ड' म्हणतात. मला पंखा नाही, मोठी पेटी नाही. तुमच्या मोबाइलमध्ये असते त्या एआरएम घराण्याची चिप हिरव्या पाटीवर जडवलेली आणि वर काळी डबी, एवढाच माझा देह. उजनीच्या पाण्याकाठी, पळसदेवजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी राहतो. तिथं खिचडी शिजवणाऱ्या द्वारकाबाई मला पहिल्यांदा पाहून म्हणाल्या होत्या, "एवढ्याशा डबीत कॉम्पुटर? माझी मिसरीची डबी हिच्याहून मोठी हाय!"

आम्ही काही बोर्ड मिळून शाळेत आलो तेव्हा कौतुक फार झालं. माझ्यावर लिनक्स चालायचं, म्हणजे संगणक चालवणारी एक फुकटची प्रणाली. मासेमारांची पोरं पडद्यावर आपलं गाव शोधायची. उजनीचं अथांग पाणी आकाशातून दिसायचं आणि पोरांच्या बरोबरीनं मीही थक्क व्हायचो. एवढं पाणी माझ्यात मावलं कसं?

पण एक खोट होती आणि ती माझी नव्हती. वीज आली की मी आधी माझ्यात खोचलेल्या मेमरी कार्डावरच्या एका ठरलेल्या जागी पाहायचो. तिथं मला उठवणारा छोटा प्रोग्राम असे. तो मला उठवी आणि मग लिनक्सला हाक मारी. हा उठवणारा प्रत्येक जातीच्या बोर्डाचा वेगळा. आणि तुम्ही, साहेब, तीन जातींचे बोर्ड एकसारख्या काळ्या डब्यांत घालून पाठवलेत. आत काय आहे हे कुणालाच सांगितलं नाहीत.

पुढं कार्डं जुनी झाली, मध्येच अडायला लागली. मुख्याध्यापक दादासो सर घरचे ऊसवाले. ते म्हणाले, "त्यात काय अवघड? ज्याचं कार्ड निरोगी त्याचं बेणं धरा आणि सगळ्यांना तेच लावा. आमी अख्खा फड तसाच लावतो." झालं. एका चांगल्या कार्डाची नक्कल बाकी सगळ्या कार्डांवर चढवली गेली. माझा जुना उठवणारा पुसला गेला. ठरलेल्या जागी पाहिलं, तर तिथं परक्या जातीचा उठवणारा. मला त्याचं अक्षर कळेना. मी उठलोच नाही. ज्याचं बेणं होतं तो त्या जातीचा एकटाच, म्हणून तेवढा उठला.

नेमके तेव्हाच तुम्ही आलात. "एक चालतोय तो ऑफिसात ठेवा. बाकीचे शनिवारी टेम्पोनं भंगारात. खोलीत तांदळाची पोती ठेवा." म्हणजे पोरांना संगणक बघायला इंदापूरची एसटी धरावी लागणार. त्यातल्या किती पोरींना घरचे पाठवतील, हे तुम्ही विचारलं नाहीत.

आमच्या शिक्षिका प्रगती मॅडमना मात्र ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी स्क्रू काढून माझी डबी उघडली. पाटीवर बारीक अक्षरांत माझ्या जातीचं नाव होतं. ते घेऊन त्या बारामतीला बहिणीकडे गेल्या, कारण वस्तीवर नेट रांगतं. तिथं त्यांना सापडलं ते ऐकून मी आजही शहारतो. कुठल्या कुठल्या देशांतल्या, मला कधी न पाहिलेल्या माणसांनी माझ्या जातीसाठी नवा उठवणारा लिहून फुकट ठेवला होता. तो कार्डावर नाही, माझ्याच अंगावरच्या एका चिमुकल्या चिपेत कायमचा लिहायचा. मग मी माझा मीच उठणार!

शुक्रवारी दुपारी मॅडमनी बारामतीहून नीट भरून आणलेलं कार्ड लावून मला तेवढ्यापुरतं जागं केलं आणि त्या चिपेत लिहायला बसल्या. "आता मधेच वीज गेली तर अर्धवट लिहिलं जाईल. मग पुन्हा सगळी खटपट," त्या म्हणाल्या.

"मधीच म्हंजे? आज लाईट जाणारच हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "थांबा, फवारणीच्या पंपाची बॅटरी आणते. बारा व्होल्टची हाय, मालकांनी कालच चार्ज केलीया."

"अहो, मालक ओरडतील."

"वरडू द्या. औषध उद्या मारतील."

माझी भूकही बाराच व्होल्टची, त्या बॅटरीवर मला जोडलं. लिहिणं सुरू झालं आणि खरंच वीज गेली. पडदा काळा पडला. माझा एवढासा दिवा तेवढा लुकलुकत होता. दोघी त्याच्याकडे पाहत होत्या. माझ्या आत अक्षरामागून अक्षर उतरत होतं. आपल्याला कुणी पहिल्यांदाच आपलं नाव शिकवत आहे, असं मला वाटलं.

वीज आली. लिनक्स कुठून आणू, अशी उठवणाऱ्याची यादी पडद्यावर उभी होती. मॅडमनी बाजारातला साधा पेनड्राइव्ह लावला. त्यावर कुठल्याही एआरएम बोर्डासाठीचं साधं लिनक्स होतं. त्यानं विचारलं, तू कोण? तुझी मेमरी किती? माझ्या उठवणाऱ्यानं सगळं नीट सांगितलं. लिनक्स माझ्यात येऊन बसलं, पाहुणा ओसरीवर बसावा तसं.

मग मॅडमनी बाकीच्यांच्या चिपेतही आपापल्या जातीचा उठवणारा लिहिला आणि तोच एक पेनड्राइव्ह एकामागून एकाला लावला. वेगळ्या जाती, वेगळ्या चिपा, सगळे उठले! दादासो सर दारात उभे होते. "म्हंजे एकच बेणं सगळ्यांना लागलं की!" ते पुटपुटले.

शनिवारी टेम्पो घेऊन भंगारवाला गेणू आला. खोलीत पोरं, पडदे उजळलेले. तो डोकं खाजवत म्हणाला, "मॅडम, साहेबांनी मला मेलेली न्यायला सांगितलंय. ही तर बोलायला लागली. जितं मी न्हाय नेत." आणि रिकामा गेला.

मित्रांनो, यंत्र बोलत नाही म्हणून त्याला टाकून देऊ नका. डबी उघडा, त्याचं नाव वाचा.

आणि साहेब, आजूबाजूच्या वस्त्यांवरची माझी भावंडं तुमच्या त्याच शेऱ्यानं पोत्यांत भरली गेली आहेत. त्यांचे उठवणारेही फुकट मिळतात. तिथली पोरं रिकाम्या खोल्यांत बसली आहेत. नवीन खरेदीची बोलणी मात्र तुमच्याकडे सुरू झाली म्हणे. मग मला सांगा, साध्या पेनड्राइव्हवर उठेल तोच बोर्ड घेऊ, ही एक अट तुम्ही का घालत नाही? आणि माझ्या भावंडांची ती पोती कधी सोडताय? तारीख सांगा.