सुलाबाईच्या घागरीचा पंचनामा

माझा पुतण्या चंद्रभान परभणीच्या कॉलेजात फौजदारी कायद्याचा वर्ग करायचा, ते साल शहात्तर. त्या दिवसांत आमच्या घरात सगळं बोलणं कलमानं व्हायचं. भाकरी करपली की तो आईला विचारायचा, "हे जाणूनबुजून झालं का निष्काळजीपणानं?"

"गिळायलास का उचलू ताट?" ती म्हणायची.

कोर्टात कारकुनाची एक जागा निघाली होती. शिकवणारे दिनकरराव हे निवृत्त सरकारी वकील. त्यांनी सांगून टाकलं, ज्याचा पंचनामा उलटतपासणीत टिकेल त्यालाच शिफारशीची चिठ्ठी देईन. प्रत्येकानं आपल्या गावात एक खोटी चोरी मानायची, दोन पंचांसमोर जागा पाहायची, दिसलं तसं लिहायचं आणि एक पंच वर्गात हजर करायचा. चिठ्ठी नाही मिळाली तर यंदा वावरात उतरायचं, असं चंद्रभानच्या बापानं बजावलं होतं.

चंद्रभाननं चोरीसाठी शेजारच्या सुलाबाईची पितळी घागर निवडली.

"मावशी, तुमची घागर ओसरीवरून चोरीला गेली असं समजा."

सुलाबाई तरातरा आत गेली आणि घागर आणून त्याच्यापुढं आदळली. "मग ही काय? डोळे फुटले का तुझे?"

"खोटं खोटं, मावशी."

"खोट्याचा कागद करायलास, अन वर शिकलेला म्हणवतोस!"

त्या दिवसापासून ती घागर उशाशी घेऊन निजायला लागली.

पंच म्हणून त्यानं गावातल्या लिंबाजीला आणि मला धरलं. लिंबाजीनं अंगठा उठवला आणि वावराची वाट धरली. मीही पूर्वी तसाच. जमादार म्हणेल त्या कागदावर पंचवीस वर्षं अंगठा दिला. कशाकशाचा पंच झालो ते मला आजही ठाऊक नाही. पन्नाशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो, तेव्हापासून पुरा वाचल्याशिवाय कागदाला हात लावत नाही.

बोट ठेवून वाचायला लागलो. "घराच्या पू-र्वे-स ना-र-ळा-चे झाड..." थांबलो. "चंद्रभान, नारळ कुठाय रे?"

"काका, तुमी पुढं वाचा ना."

"पुढं काय वाचू? पुढं सुपारी हाय."

पुस्तकातला नमुना त्यानं जसाच्या तसा उतरवला होता. लिहिणारा समुद्राकडचा असावा. मी कुडावरून हाक दिली, "सुलाबाई, तुझ्या दारात नारळ आला म्हणं!"

"पाडू नका, चटणी करते!"

चंद्रभाननं कागद फाडला. मग मात्र उन्हात फिरून, पावलं मोजून त्यानं खरं लिहिलं. कडुनिंब, उकिरडा, शेळीचा खुंटा. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, सही केली. लिंबाजीला पुन्हा वावरातून बोलवावं लागलं.

वर्गात दिनकररावांनी मला समोर उभं केलं. "वाचून सही केली, का यानं सांगितलं म्हणून?"

"वाचून."

"मग वाचा."

मी वाचत राहिलो. पोरं फिदीफिदी हसायला लागली. तास संपल्याची घंटा झाली. "बास," सर म्हणाले.

"न्हाई साहेब, चार ओळी राहिल्यात."

उठलेले सर पुन्हा बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "खुंटा ओसरीपासून सात पावलं म्हणता. कोणाची पावलं?"

"माझी. ह्याची लय लांब पडतात. ह्याच्या पावलानं मोजलं तर खुंटा उकिरड्यात जातो."

सरांनाही हसू आलं. त्यांनी चिठ्ठीसाठी कागद ओढला, पेन उघडलं. वाचून माझा घसा सुकला होता. चंद्रभाननं खुशीत तांब्या पुढं केला. "घ्या काका."

पेन थांबलं. "काका?"

"गावात सगळेच त्यांना काका म्हणतात, सर," चंद्रभान घाईनं बोलला. तेही खोटं नव्हतं.

सर माझ्याकडं वळले. "असं का?"

पेन उघडंच होतं. मी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. चंद्रभान माझ्या मानेकडंच पाहत होता.

"म्हणतात साहेब, सगळेच म्हणतात. पण ह्याचा बाप अन मी एकाच मायच्या पोटचे."

वर्ग हसून लोळला. सरांनी पेनाला टोपण लावलं. "पंच नात्यातला नसावा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पंचनामा बाद. पंचाला मात्र बोल नाही. सोमवारी दुसरा घेऊन या."

परतीच्या एस्टीत चंद्रभान माझ्यापुढं दोन बाकं सोडून बसला. कंडक्टरनं आम्हाला सोबत चढताना पाहिलं होतं. "दोन पेडगाव?"

"एकच द्या," चंद्रभान म्हणाला. "त्यांचा अन माझा काय संबंध न्हाई."

मग चार दिवस तो गावात परका माणूस शोधत हिंडला. ज्याला विचारावं तो सोयरा निघायचा, नाहीतर आजोळचा. शेवटी चारठाण्याकडचा पोस्टमन मिळाला आणि नुकतेच पालमहून बदलून आलेले रंगनाथ मास्तर. मला त्यानं कडुनिंबाखाली उभं केलं आणि तोंड उघडायचं नाही म्हणून ताकीद दिली.

मास्तर पंचनामा वाचत होते, तेवढ्यात सुलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांना खालवर न्याहाळून म्हणाली, "पालमचे म्हणं तुमी. पालमला कुणाच्या घरचे?"

चंद्रभान दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. त्यानं हात जोडले. "मावशी, पाया पडतो. सोमवारपर्यंत नातं काढू नका."

सुलाबाईनं सोमवारपर्यंत दम धरला. सोमवारी चंद्रभानला चिठ्ठी मिळाली. मंगळवारी तिनं मास्तरांना आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं, आणि दुसरी भाकरी वाढेपर्यंत मास्तर तिच्या मावसबहिणीचे जावई निघाले.

"मी काही ऐकलं न्हाई," चंद्रभान म्हणाला आणि भाकरी हातात घेऊन बाहेर अंगणात जाऊन बसला.