मामासाठी ठेवलेलं

ओव्हन लावल्यावर आधी वास आला, मग मागच्या बाजूने धूर आला, आणि धुराच्या पाठोपाठ मामा आले.

मामा म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. दुसऱ्या कुठल्याही घरात एवढं सांगितलं की भागलं असतं; पण या घरात मामा दोन होते, म्हणून खुलासा करणं भाग आहे. दुसरा मामा म्हणजे उंदीर. अनुस्वाररावांच्या आईची ठाम समजूत होती, की उंदराचं नाव घेऊन बेत केला तर तो ऐकतो आणि नेमकं चांगलं कापड बघून कुरतडतो. म्हणून घरात त्याला 'मामा' म्हणायचं. आई गेली, सवय राहिली. लग्न झालं, मुलं झाली, मुलांचे खरेखुरे मामा येऊन-जाऊन राहू लागले, तेव्हा घोटाळा टाळायला घराने व्याकरणाचा आधार घेतला. 'मामा आले' म्हणजे चहा टाकायचा. 'मामा आला' म्हणजे झाडू उचलायचा. इतक्या वर्षांत चुकीच्या मामाला एकदाही झाडू बसला नव्हता. अनुस्वारराव याचं श्रेय व्याकरणाला देत, आणि मनातल्या मनात थोडा दोषही.

अनुस्वारराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. जन्मभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. अंगाने काडी, आणि राहिलेला अनुस्वार दिसला की जेवण जायचं नाही. ते नाव कंपोझिटरांनी पाडलं आणि घरापर्यंत आलं. आता निवृत्त झाल्यावर ते रोजचं वर्तमानपत्र लाल पेन्सिलीने तपासत आणि मगच रद्दीत टाकत. त्यांच्या घरची रद्दी गावात सगळ्यात शुद्ध होती.

"काय हो जावईबापू, घर पेटवताय की काय?" मामांनी मिशीवरून धूर झटकला.

मामांची मिशी ही नुसती मिशी नव्हती, संस्था होती. जाड, काळीभोर, टोकांना वर वळवलेली. तिला वेगळा कंगवा होता, वेगळं तेल होतं, आणि आरशासमोर रोजची ठरलेली वेळ होती. त्या वेळात घरातल्या बाकीच्यांनी न्हाणीघराची आशा सोडायची. मामांच्या स्वतःच्या घरी रंगकाम चाललं होतं, म्हणून ते 'रंग वाळेपर्यंत' इकडे आले होते. मुलं आधीच नोकऱ्यांना लागून घराबाहेर पडली होती, त्यामुळे जागा होती. मामांना येऊन दोन ऋतू उलटले होते. रंग अजून ओलाच होता.

"जुनाच आहे गं तो," मामा बहिणीला म्हणाले. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

'मी तेव्हाच सांगितलं होतं' या वाक्याला इतिहास होता. हा ओव्हन अनुस्वाररावांनी लग्नानंतर लगेच घेतला. जाड पत्र्याचा, चार पायांवर उभा, खाली भांडी ठेवायला एक खण, वर वेळ झाली की 'टण्ण' करणारी घंटा. तो टेम्पोतून उतरत असताना मामा अंगणात उभे होते. आजूबाजूला शेजारीपाजारी होते, नवी नवरी होती. मामांनी पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "हा डबा वर्षभर चालला तर मिशी उतरवीन."

वर्ष झालं. ओव्हन चालला. अनुस्वाररावांनी हसत हसत विषय काढला, तेव्हा मामाही हसत हसत म्हणाले, "अहो, ती बोलायची पद्धत असते." ज्या माणसाने उभं आयुष्य शब्द जसा लिहिलाय तसा धरला, त्याला 'बोलायची पद्धत' ऐकवली गेली. त्या दिवसापासून ओव्हन मामांच्या नाकावर टिच्चून पाव भाजत होता, केक फुगवत होता. आणि प्रत्येक घंटेला अनुस्वारराव मामांच्या नाकाखाली बघत होते. शब्द मात्र काढत नव्हते. त्यांच्यासाठी तो ओव्हन नव्हता. तो अजून निकाल न लागलेला खटला होता, आणि आता पुरावाच जळू लागला होता.

"वास कसला आहे हा?" बायकोने पदर नाकाला लावला.

"मामाचा," अनुस्वारराव म्हणाले. "मुतलाय आत."

हॉलकडे वळलेले मामा थबकले. "कोण?"

"तो हो, तो. तुम्ही नाही."

निकाल जेवणाच्या टेबलावर लागला. मामांनी भंगारवाल्याला फोन करूनच टाकला होता. तो शनिवारी संध्याकाळी येणार होता. बायकोने मधला मार्ग काढला, म्हणजे बायका काढतात तसा, ज्यावर आपणच चालायचं असतं. "शनिवारपर्यंत दुरुस्त झाला आणि वास न येता तापला, तर राहू दे. नाही तर जाऊ दे. मला त्या वासात पाव खायचा नाही."

"दुरुस्त?" मामांनी मिशीला पीळ दिला. "अगं, हा आता वारला."

अनुस्वाररावांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. दोघांनी मिळून ओव्हन भिंतीपासून ओढला आणि मागचा पत्रा काढला. आतलं दृश्य बघून इलेक्ट्रिशियनने आधी शीळ घातली. उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींत भरलेला पिवळा कापूस उपसून एका कोपऱ्यात गादी केली होती. गादीवर निळ्या लोकरीचं अस्तर होतं. दोन वायरी सोलून तांबं उघडं पडलं होतं.

"मजेत आहे की हो पाहुणा," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "गादी, गरम खोली. जेवणाचीही सोय असणार, त्याशिवाय इतका मुक्काम करत नाहीत."

"नसतात करत," अनुस्वारराव म्हणाले, आणि हॉलमध्ये सोफ्यावर लोळणाऱ्या मामांकडे त्यांची नजर उगाच गेली.

निळी लोकर त्यांनी ओळखली. तो त्यांचाच मफलर होता, गेल्या थंडीत हरवलेला. मग त्यांनी खालचा खण ओढला. वापरात नसलेल्या केकच्या साच्यांच्या मागे लाल चकचकीत कागद होते. क्रीमच्या बिस्किटांचे. काही पुडे रिकामे, काही अर्धे, आणि एक नुकताच फोडलेला, तोंड व्यवस्थित रबरबँडने बांधलेलं. उंदराला रबरबँड लावता येत नाही.

डॉक्टरांनी मामांची साखर बंद केली होती. बहीण डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर नजर ठेवून होती, चहासुद्धा फिका. रोज दुपारी तिचा डोळा लागला की मामा 'पाणी पिऊन येतो' म्हणून स्वयंपाकघरात जात, आणि पाणी प्यायला त्यांना बराच वेळ लागे. म्हणजे एका मामाने दुसऱ्याला पोसलं होतं. पोसणाऱ्याने ओव्हन मेल्याचं जाहीर केलं होतं आणि भंगारवाला बोलावला होता.

अनुस्वाररावांना राग आला नाही. राग फार पूर्वीच येऊन मुरलेला होता. त्यांना आला तो आनंद, मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या फर्म्यात चूक सापडल्यावर यायचा तसा, थंड आणि स्वच्छ.

बायकोला सांगावं का? सांगितलं तर दोन दिवस बोलणी, तिसऱ्या दिवशी रडणं, चौथ्या दिवशी दादासाठी बिनसाखरेचा केक, आणि तोही याच ओव्हनमध्ये. छे. त्यांनी मूग गिळले. वायरी बदलून झाल्या, नवा कापूस भरला, आतून सोड्याने घासून काढलं. मग ते बाजारात गेले आणि उंदरांसाठीचा गोंदाचा पुठ्ठा घेऊन आले, मोठ्यातला मोठा, उघडला की वहीसारखा पसरणारा.

खोक्यामागचा बारीक मजकूर त्यांनी सवयीने वाचला. 'चुकून त्वचेस चिकटल्यास खद्यतेल लावून चोळावे, गोंद सुटतो.' त्यांनी लाल पेन्सिलीने काना दिला, खोकं शुद्ध झालं, आणि ते त्यांनी कपाटात आपल्या शर्टांखाली ठेवलं.

शनिवारी जेवणं झाली. पुठ्ठा खणात उघडून ठेवलेला होता. त्याच्या पलीकडे, अगदी मागे, तो रबरबँडवाला पुडा. मामा हॉलमध्ये पेपर वाचत होते. अनुस्वारराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि बायकोला ऐकू जाईल अशा, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"अगं, खालच्या खणात मामासाठी ठेवलंय हं. तू हात लावू नकोस."

यात खोटं काही नव्हतं. लिहिताना उंदीर असेल तर 'मामासाठी', माणूस असेल तर मानाचा अनुस्वार देऊन 'मामांसाठी'. जन्मभर त्यांनी या एका टिंबासाठी लोकांशी भांडणं केली होती. पण बोलताना, त्यातून दाराआडून, ते टिंब कोणालाही ऐकू येत नाही. आले-आला मध्ये फसगत होत नाही. 'साठी' मध्ये मात्र मान आणि अपमान एकाच पाटावर बसतात.

"बरं," बायको म्हणाली, आणि आडवी व्हायला गेली.

हॉलमध्ये पेपर खाली आला. मामांच्या चेहऱ्यावर माहेरचा जिव्हाळा पसरला. अखेर बहिणीला दया आली होती. जावईबापूंनाही.

अनुस्वारराव खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि पहिल्या पानावरचा ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागले. आधी पावलं ऐकू आली. मग खण ओढल्याचा आवाज. मग "आँ?" मग साच्यांची आदळआपट. त्यांनी एक वेलांटी दुरुस्त केली. मग "अरेच्चा", मग धपकन बसल्याचा आवाज, आणि त्यानंतर जे ऐकू आलं ते शब्द नव्हते. तोंड बंद ठेवून मारलेली हाक होती.

बायको धावत आली. अनुस्वारराव चालत आले.

मामा जमिनीवर बसले होते. पुढे काय झालं असेल ते समोरच लिहिल्यासारखं दिसत होतं. आधी उजवा हात चिकटला. तो सोडवायला डावा लावला, तोही चिकटला. मग माणसाकडे उरतात ते दात. पण दातांच्या आधी मिशी असते. पुठ्ठा आता दोन्ही हातांसकट नाकाखाली आडवा बसला होता, आणि मामा वरून बघत होते, पुस्तकात तोंड खुपसलेल्या विद्यार्थ्यासारखे. मांडीवर लाल पुडा होता.

"दादा!" बायकोने आधी पुडा पाहिला. "बिस्किटं? तुला साखर बंद आहे ना?"

"म्म्म्," मामा म्हणाले.

"आणि हा गोंद इथे कोणी ठेवला?"

"मी," अनुस्वारराव म्हणाले. "सांगितलं की तुला. मामासाठी ठेवलंय म्हणून."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली की नुसतं बघितलं तरी कळतं. "कुठल्या मामासाठी?"

"लिहून दाखवू?"

तिला हसू आलं. तिने ते पदराने पुसलं, पण अनुस्वाररावांनी तेवढ्यात वाचलं. "ते नंतर. आधी हा सुटणार कशाने? काही उपाय असेल ना?"

मामांनी पुठ्ठ्यावरून डोळे वर केले. त्या डोळ्यांत विनवणी होती. ओट्यावर, हाताच्या अंतरावर, तेलाची बाटली उभी होती. खोक्यामागची ओळ अनुस्वाररावांना तोंडपाठ होती, त्यांनीच दुरुस्त केली होती. त्यांना अंगण आठवलं, टेम्पो आठवला, पत्र्यावर मारलेली टिचकी आठवली.

"आहे ना," ते म्हणाले. "कात्री."

काम त्यांनी स्वतः केलं, मन लावून. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत, ओळ न सोडता. मिशी पुठ्ठ्यावर राहिली, टोकं तशीच वर वळवलेली. हातांसाठी मात्र त्यांना अचानक तेलाचं आठवलं.

"तेलाने सुटतंय की हो हे!" मामा ओरडले. मिशीवाचून त्यांचा आवाजही बारीक वाटत होता. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"म्हणजे काय, सांगायचंच होतं," अनुस्वारराव म्हणाले. "पण बोलायची एक पद्धत असते."

मग त्यांनी केकचं मिश्रण साच्यात ओतलं आणि ओव्हन लावला. वास आला तो फक्त केकचा. भंगारवाला दारात आला तेव्हा मामा तोंडाला टॉवेल लावून हॉलच्या कोपऱ्यात बसले होते आणि घराचा रंग वाळला का म्हणून फोनवर विचारत होते.

"काय न्यायचंय?" भंगारवाल्याने विचारलं.

तेवढ्यात आतून 'टण्ण' झालं.

"काही नाही," अनुस्वारराव म्हणाले. "राहिलाय तो."

उंदीर त्या दिवशी सापडला नाही, नंतरही नाही. बायकोने विचारलं की ते म्हणत, बघू, त्याने माझा फक्त मफलर खाल्लाय. पण त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला आणि तिने विचारलं, "बाबा, मामा सापडला का?", तेव्हा त्यांनी केकचा तुकडा तोंडात टाकला, तो नीट गिळला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मेहुण्याला मनापासून मान दिला.

"सापडला नाही गं," ते म्हणाले. "सापडले."