उभा पुरलेला हल्या

दुधरामने चुन्याच्या ओल्या रेघेवर काठी टेकवली, मान वाकडी करून जमिनीचं काही ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला,

"इथं नाई खोदता येत."

छोटेलालच्या हातातला नारळ हातातच राहिला. मुन्ना मिस्त्रीने खांद्यावरची कुदळ हळूच खाली घेतली. पाया खोदायच्या मुहूर्ताला जमलेली सगळी आळी चहाचे कप धरून दुधरामकडे पाहू लागली.

कामठ्याच्या अलीकडच्या या गावात पाया खोदण्याआधी आळीतल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारायची रीत होती. बाबा, या जागेखाली काही आहे काय? कुठे जुनी विहीर बुजवलेली असते, कुठे कुणाचं तान्हं पुरलेलं असतं. मग म्हातारा काठीने जमीन ठोकतो, 'खोदा' म्हणतो, सुपारी खिशात टाकतो आणि चहा पिऊन घरी जातो. आजवर दुधराम 'खोदा'च म्हणत आला होता. आज शेजारच्या छोटेलालने घराला लागून एक खोली काढायची म्हणून मान खाली घालून त्याच्या हातावर सुपारी ठेवली, आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"काऊन जी काका? काय आहे खाली?" छोटेलालने विचारलं.

"हल्या."

हल्या म्हणजे नांगराचा रेडा. तो कुठून आला हे दुधरामलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा आल्यावर तो थांबणारा नव्हता.

"माह्या आज्याचा हल्या. त्या साली आळीतले सारे मानसं तापानं आडवे. धानाचा रोवणा तोंडावर आला अन् चिखल कराले मानूस नाई. हा हल्या आपला आपन जू मानेवर घेऊन निघाला. एकाची बांधी झाली का दुसऱ्याच्या बांधीत. मागं नांगऱ्या नाई, हाकनारा नाई. साऱ्या आळीचा चिखल केला, इथं येऊन उभा राहिला, अन् उभ्या उभ्याच गेला. पाडून पडे ना. मंग आज्यानं तसाच पुरला. उभा. जुवासकट. शिंगं वर."

"अन् शिंगाले कुदळ लागली त?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"जागा ज्याची, त्याच्या बांध्या कोरड्या. बाजूच्याच्या बांधीत बेडूक पोहून राहिले, अन् याच्या बांधीत भेगा."

दुधराम गप्पाड्या आहे हे पोरासोरांना माहीत होतं. नवेगाव बांधाच्या तलावातल्या एका माशाने त्याची डोंगी पार काठापर्यंत पाठीवरून आणून सोडली होती, ही हकीकत तर लोक त्याच्याकडून मागून ऐकत. पण गप्पा वेगळ्या आणि पाया वेगळा. पायाच्या बाबतीत म्हातारा खोटं बोलेल, हे कुणाच्या मनात आलं नाही. आलं ते एकट्या मुन्नाच्या, कारण तो गोंदियाचा, आणि त्याला खड्ड्यांचा हिशोब कळायचा.

"काका, खड़े हल्ये को गाड़ना मतलब कुआँ खोदना पड़ता," तो डोकं खाजवत म्हणाला. "खोदा किसने? सब तो बुखार में पड़े थे ना?"

आळी खुसखुसली, मग एका बाईच्या कपातला चहा हसण्याने सांडला.  इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दुधरामची गोष्ट मधोमध अडकून बसली होती.

"होता हल्या."

आवाज छोटेलालच्या घरातून आला. उंच जोत्यावरच्या दारात, खुर्चीत, त्याची आई निर्मलाबाई बसली होती.

"मी पाहिला. नवी नवरी होती मी. खड्डा बायांनी खोदला. पुरायच्या आधी त्याले हळद मीच लावली."

हसू विझलं. मुन्नाने कान पकडले. छोटेलालने तिथेच नारळ फोडला, हात जोडले, आणि खुंट्यांना बांधलेली दोरी गुंडाळायला लागला. सगळ्यात जास्त चकित झाला होता तो दुधराम. जन्मभर थापा मारल्या, पण थापेला साक्षीदार मिळाला तो आजच. चहा न पिताच तो घरी गेला.

खरं कारण एवढंच होतं की दुधरामला ती खोली नको होती. दोन घरांमधली ती मोकळी जागा छोटेलालचीच, त्यात वाद नव्हता. पंचायतीत आक्षेप घ्यायला गेला असता तर सचिवाने हसून वाटेला लावलं असतं. पण छोटेलालचा बाप दुधरामच्या बापाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, ठेक्याने करायचा. सपरीच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायरीवर बसायचा, वर कधी बसला नाही. आता छोटेलालचं रस्त्यावर खत-बियाण्यांचं दुकान होतं, आणि दुधरामचे गुडघे गेल्यापासून त्याच्याच बांध्या छोटेलालकडे ठेक्याने होत्या. ठेक्याचं धान तो वेळेवर, पाखडून, स्वतः आणून टाकायचा. त्यातलं एखादं पोतं हलकं निघालं असतं, तर दुधरामला बरं वाटलं असतं. त्यात आता खोली म्हणजे त्या दुकानाचं गोदामच असणार; तिची सिमेंटची भिंत त्याच्या छपराच्या कवेलूंच्या वर चढणार, सपरीतलं सकाळचं ऊन खाणार. उन्हाचं त्याने बायकोला, वच्छलाला, सांगितलं होतं. बाकीचं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

हल्या मात्र गावाला आवडला. कुणी त्या जागी हळद वाहिली, कुणी नारळ फोडला. दरेकशाच्या एका जावयाने जमिनीला कान लावून हंबरणं ऐकलं. मंडईच्या जत्रेला आलेले पाहुणे हल्या पाहायला येत, तो दिसत नाही म्हटल्यावर दुधरामला पाहायला येत.

"तुमचा हल्या काही मी पाहिला नाई," वच्छला म्हणायची, "पन त्याच्यापायी चहा मांडून मांडून माह्यी साखर सरली."

जिथे भिंत आली असती, तिथून आता सपरीत बसल्या बसल्या शेजारचं सगळं अंगण दिसायचं. रोज सकाळी छोटेलालची बायको अंजू सासूला काखेत हात घालून उचलायची, जोत्याच्या पायऱ्या उतरवायची आणि अंगणातून घरामागच्या सांदवाडीतल्या संडासापर्यंत न्यायची. पावसाळ्यात बांधावरून घसरून निर्मलाबाईचा खुबा मोडला होता. तेव्हापासून तिचे पाय नुसते सोबत असायचे.

एके सकाळी त्या दोघी अंगणाच्या मध्यापर्यंतच पोचल्या. अंजू थांबली. निर्मलाबाईच्या लुगड्यावरून पाणी ओघळून मातीत गेलं. तिने पदर तोंडावर ओढला, पण ओढण्याआधी तिची नजर वर आली आणि सपरीतल्या दुधरामवर पडली.

दुधराम उठला. खाट फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. वच्छला चहा घेऊन आली, तशी ती थबकली.

"भिंतीत काय पाहून राहिले?"

 तिने कप खाली ठेवला, शेजारच्या अंगणाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला.

"अंजू नळावर सांगत होती. ते खोली गोदामाची नव्हती. म्हातारीची होती. पायरी नाई, उंबरा नाई, संडास आतच. सरकत सरकत गेली असती बिचारी. छोटेलाल चारचौघात मायच्या संडासाची गोष्ट कशी काढन?"

चहावर साय धरली तरी दुधरामने कप उचलला नाही.

दुपारी छोटेलाल दुकानात आणि अंजू वावरात गेल्यावर तो काठी टेकत शेजारच्या जोत्यावर चढला. पायऱ्या उंच होत्या. प्रत्येक पायरीवर गुडघा कळवळला, आणि रोज इथून कोण कुणाला घेऊन उतरतं, हे प्रत्येक पायरीवर आठवलं. निर्मलाबाई खुर्चीत लसूण सोलत होती. ती या आळीत नवरी होऊन आली तेव्हा दुधराम नागडा फिरायचा. म्हणजे आळीत सगळ्यात वयस्क तीच होती. पण बाईमाणसाला पायाचं विचारायची रीत नव्हती, आणि थाप मारताना तिची आठवण त्यालाही राहिली नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "हल्या नव्हता."

"मले मालूम आहे."

"मंग काऊन बोलली?"

तिने एक पाकळी सोलून सुपात टाकली.

"मुन्नानं तुले पकडला होता. सारी आळी हसून राहिली होती. तुह्या तोंडाकडे मले पाहावलं नाई."

"पन ते खोली तुहीच होती ना!"

"माहीच होती."

तिच्या आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. कुठल्या विहिरीचं पाणी खारं आहे ते सांगावं, तसं ती पुढे बोलली.

"बांध्या गेल्या तुह्या, गुडघे गेले. नागपूरहून पोराचा फोन येते त वच्छलासाठी येते. तुले कोनी काही विचारत असन, त एवढंच. पाया खोदू का बाबा म्हनून. तेवढंही गेलं असतं, त तू काय केलं असतं रे?"

दुधरामने सुपातली लसणाची एक पाकळी उचलली, सोलल्यासारखी केली, आणि तशीच परत ठेवली.

संध्याकाळपर्यंत त्याने उपाय शोधला. शोधला म्हणजे रचला. हल्या स्वप्नात आला, म्हणाला, दुधराम, लई वर्सं उभा राहिलो, पाय दुखून राहिले, आता नवेगाव बांधाकडे पाणी प्यायले जातो, जागा मोकळी. खुराची खूण म्हणून चार खळगेही सांगायचे ठरले. कुणाचं काही जात नव्हतं. निर्मलाबाईला खोली, छोटेलालला भिंत, दुधरामला त्याच्या काठीचा मान. गोष्ट झकास होती. त्याने आजवर रचलेल्यांत तीच सर्वांत देखणी होती.

सकाळी त्याने मुन्नाला बोलावलं, आळी गोळा केली आणि हळदीने पिवळ्या झालेल्या जागेसमोर उभा राहिला. लोक चहाशिवायच आले होते. त्याने घसा खाकरला.

"रात्री माह्या स्वप्नात..."

आणि त्याची नजर जोत्यावर गेली. निर्मलाबाई खुर्चीत पुढे सरकून बसली होती. डोक्यावरचा पदर नीट केलेला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यावर, मान त्याच्याकडे. तो काय सांगणार हे तिला माहीत नव्हतं. पण काहीही सांगितलं तरी 'होय, मलेही दिसला' म्हणायला ती तयार बसली होती.

दुधरामने तोंड मिटलं. काठी जमिनीवर ठेवली.

"मुन्ना, कुदळ आन."

दुधरामच्या पहिल्या घावाला नारळाच्या करवंट्या उडाल्या. कुणीतरी "अरे बापा!" म्हणत मागे सरकलं. छोटेलाल धावला.

"काका, काय करून राहिले जी! माह्या बांध्या..."

"तुह्या बांध्यांले काही नाई होत."

तो खोदत राहिला. दम लागला की कुदळीवर वाकून थांबायचा, पुन्हा खोदायचा. थोड्या वेळाने मुन्ना खाली उतरला आणि फावड्याने माती काढू लागला. दुपार झाली तरी कुणी घरी गेलं नाही. खड्डा कमरेइतका झाला, नाकाइतका झाला. मुन्ना वर चढला. पिवळी माती संपून मुरूम लागला, आणि त्यात एक हाडूकही नव्हतं.

"काका," कुणीतरी वाकून विचारलं, "हल्या?"

जोत्यावरून आवाज आला, घाईचा.

"आनखी खोल असन. बायांनी लई खोल खोदला, दुधराम. आनखी खोल खोदून पाह्य!"

दुधरामने वर पाहिलं. आता तो जे बोलणार होता त्याने ती खोटी ठरणार होती, हे त्याला खड्ड्यात उतरल्यावर कळलं. सुनेसमोर, पोरासमोर, अख्ख्या आळीसमोर.

"नाई वहिनी," तो म्हणाला. "नव्हताच. मी खोटं बोललो. माह्यी लाज जाऊ नाई म्हनून वहिनीनं माह्यी बाजू घेतली. तिले कोनी काही बोलू नका."

  हसायला सुरुवात करणाऱ्या एकाला त्याच्या बायकोने कोपराने ढोसलं. छोटेलाल खड्ड्याच्या काठावर उभा राहिला, आत पाहिलं, दुधरामकडे मात्र नाही. मग मुन्नाकडे वळला.

"हा खड्डा बुजवू नोको. खोलीचा कालम इथंच उभा कर."

"यहीं करता हूँ, भाऊ."

लोक पांगले. दुधराम काठावर हात टेकून वर यायला पाहत होता, माती हाताखालून सुटत होती. तेवढ्यात अंजू जोत्यावर चढली. सासूसमोर क्षणभर उभी राहिली. तिच्यापाशी विचारण्यासारखं पुष्कळ होतं. तिने सासूच्या काखेत हात घातला.

"चाला आई," ती म्हणाली, "वेळ झाली."

दुधरामचे डोळे जमिनीच्या बरोबरीला होते. तिथून त्याला दोघींचे नुसते पाय दिसले. अंजूचे अनवाणी, फाकलेले, ओझ्याने एकेक पाऊल अडखळत टाकणारे; आणि त्यांच्यामध्ये दुसरे दोन, बोटं खाली लोंबलेली, मातीत रेघ ओढत सांदवाडीकडे जाणारे.