अप्पांचं उत्तर

विद्यापीठाच्या समितीला अहवाल द्यायला दहा दिवस उरले असताना सुकन्या जळकोटला पोचली. ती रेणापूरची, नांदेडला पीएच.डी. करणारी. ज्यांची वाचा गेलीय त्यांच्याशी घरची माणसं कशी बोलतात, हा तिचा विषय. बारा घरं हवी होती, अकरा झाली होती.

बारावं घर गुरुपादप्पांचं. चाळीस वर्षं त्यांनी कापडाचं दुकान चालवलं होतं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवा हात गेला आणि शब्द घशातच अडकायला लागले. दुकान आता मुलगा शिवलिंग बघायचा.

"शरणार्थ, या, बसा," असा नमस्कार करत शिवलिंगनं तिच्या हातातला संमतीचा कागद घेतला आणि खिशातून पेन काढला. "कुठं करू सही?"

"सही अप्पांची लागते."

"त्यांला लिहिता येत न्हाई आता. त्यांचं सगळं मीच करून राहिलो."

"अंगठा चालतो. पण आधी विचारायला पाहिजे."

अप्पा खिडकीजवळ पलंगावर बसले होते. सुकन्यानं स्टूल ओढलं आणि त्यांच्या समोर बसली.

"अप्पा, मी आठ दिवस तुमच्या घरी येऊन बसणार. तुमच्याशी कोण कसं बोलतं ते लिहिणार. आवाज या मोबाइलमध्ये घेणार. चालेल का तुम्हाला?"

"हाव म्हणतेत," मागून शिवलिंग बोलला.

"दादा, जरा थांबा."

अप्पांचे ओठ हलले, मिटले. स्वयंपाकघरातून त्यांची बायको शिवगंगा पदराला हात पुसत दारात आली. तिनंही काही बोलायला तोंड उघडलं, पण सुकन्याकडं बघून गप्प राहिली. रस्त्यावरून एक टमटम गेली. शिवलिंगनं दोनदा घड्याळ पाहिलं. इतका वेळ नुसतं बसणं सुकन्यालाही जड जात होतं. 'म्हणजे चालेल ना?' हे शब्द तिच्या जिभेवर आले, तिनं ते गिळले.

अप्पांनी डावा हात उचलला, पलंगाच्या कडेवर ठेवलेला मोबाइल हळूच तिच्याकडं सरकवला.

"न्... न्हाई."

"तसं न्हाई हो," शिवलिंग घाईनं म्हणाला, "त्यांला म्हणायचंय की..."

"कळलं मला त्यांचं." सुकन्यानं कागदाची घडी करून पिशवीत घातली. दहा दिवसांत दुसरं घर कुठून आणायचं?

"लई लांबून आलात तुम्ही. मी सांगतो ना, काय पाहिजे ते विचारा."

"त्यांनी नको म्हटल्यावर तुमच्याकडून कसं घेऊ, दादा?"

ती उठली. तेवढ्यात शिवगंगा पुढं आली आणि नवऱ्यासमोर वाकली. "हिला जेवायला ठिवून घेऊ का?" असं विचारून ती उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिली.

बऱ्याच वेळानं अप्पा म्हणाले, "हाव."

शिवगंगानं तोंडाला पदर लावला. "दोन वर्षं झाली," ती सुकन्याला म्हणाली, "आमीच विचारतो अन् आमीच सांगतो."

सुकन्या जेवून निघाली. त्या जेवणाबद्दल तिनं वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

नांदेडला मार्गदर्शक मॅडम वैतागल्या. "अगं, मुलाची सही नियमात बसते."

"बसते मॅडम. पण त्यांनी मला तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलंय."

"अकरा घरांवर समिती अहवाल परत पाठवेल."

"पाठवू द्या."

आणि समितीनं पाठवला. काम सहा महिने लांबलं. सुकन्यानं घरी आईला सांगितलं आणि मुदतवाढीचा अर्ज त्याच दिवशी भरला.

महिन्याभरानं शिवलिंगचा फोन आला. अप्पा आता रोज दहा ते बारा दुकानात बसायला लागले होते. त्यांचं वाक्य पुरं होईस्तोवर जुनी गिऱ्हाइकं थांबत होती. "मीच मधी तोंड घालायचो," तो म्हणाला. "लई जड जातंय गप बसायला. ताई, हे तरी लिहा की तुमच्या पुस्तकात."

"अप्पांना विचारलं का?"

"न्हाई. विचारतो."

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. त्यानं विचारलं होतं, उत्तर येईस्तोवर थांबला होता, आणि अप्पा न्हाईच म्हणाले होते.

सुकन्या बसस्थानकात उभी होती. तो मेसेज वाचून ती एकटीच मोठ्यानं हसली, आणि नायगावच्या गाडीत चढली. बाराव्या घरासाठी तिथल्या एका कुटुंबानं तिला भेटायला बोलावलं होतं.