नाक्यावर टिच्चून

मनकर्णाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि का होऊ नये? पोळा उद्यावर आलेला. गोठ्यात बैलांच्या खांद्यांना ती हळद-लोणी चोळत होती, आणि रूपराव पाटील दारात उभे राहून खुशाल सांगत होते, की औंदा तोरण शाळेच्या मैदानात बांधायचं.

"काऊन? आपली जागा कुठं गेली?"

"वैनी, ते जागा आता नाक्याची झाली. गोव्याचा रस्ता हाय तो."

गोव्याचा रस्ता म्हणे! अहो, देवळीहून येणारा साधा खडीचा रस्ता होता तो. दोन वर्षांत रुंद झाला, डांबर पडलं, आणि नागपूरची मंडळी समुद्राच्या वाळूत लोळायला त्यावरून जाऊ लागली. गावाच्या वेशीवर दोन कडुलिंब होते. आजे-पणज्यांपासून पोळ्याचं तोरण त्या दोघांच्या मधे बांधलं जायचं. ते लिंब तोडून नेमका तिथंच टोलनाका बसवला. एक टपरी, रस्त्यावर आडवा दांडा, पैसे दिले की दोर ओढून दांडा वर. गावात कुणी समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्यापायी वेस मात्र गेली.

तोरण तुटलं की त्याच्याखालून पहिली निघायची ती मनकर्णाबाईच्या घरची जोडी. नवरा वासुदेवराव जाऊन तीन वर्षं झाली, पण तो मान गेला नव्हता. आता नवी जागा म्हणजे नवा मान, आणि तो कुणाच्या गोठ्यात जाणार हे पाटलांच्या मिशीतल्या हसण्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं. शिवाय त्यांच्या पोराला नाक्याशेजारी हॉटेल टाकायला जागा मिळालेली. मग पाटील मूग गिळून बसणार नाहीत तर काय!

"मी तं तिथंच बांधीन तोरण," मनकर्णाबाई म्हणाली.

"बांधजा ना. पण तोडन कोन? तोडाचा मान माहा हाय. मी काई येत नाई. अन् न तुटल्या तोरणाखालून बैल काढसान, तं गाव थुंकन तोंडावर."

हे मात्र खरं होतं. तोरण तुटल्याशिवाय पोळा फुटत नाही. पाटील गेले, आणि मनकर्णाबाईला पहिल्यांदा रडू आलं. बांड्या बैलाच्या मानेवर तोंड ठेवून ती घटकाभर रडली. मग पदरानं डोळे पुसले आणि आंब्याची पानं सुतळीत ओवायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुनाजीनं जोडी सजवली. हा तिच्या घरचा जुना सालगडी. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं.

"बाई, मैदानाकडं नेऊ?"

"नाक्यावर."

पुनाजी असा हसला की सगळे दात दिसले.

नाक्यावर पोचताच तिनं आडव्या दांड्याला तोरण लावलं. सुतळीचं एक टोक दांड्याच्या शेंड्याला, दुसरं बाजूच्या खांबाला. बांड्या आणि चांद्या समोर उभे. टपरीतून मॅनेजर धावत आला. माणूस पुण्याकडचा, शर्टाला कडक इस्त्री.

"ओ बाई! हे काय लावलंय? काढा आधी!"

"तोरण हाय, सायेब. तुटल्याबिगर निंघत नाई."

तेवढ्यात गोव्याची लक्झरी आली. हॉर्न, मग पुन्हा हॉर्न. काचांतून काळे चष्मे डोकावू लागले.

"नत्थू, दांडा वर घे!"

दोर ओढायला ठेवलेला नत्थू गावातलाच, दोन लेकींचा बाप. त्यानं सरळ हात जोडले. "नोकरी घ्या सायेब, पण तोरणाखालून बैलाच्या आंधी मोटार काढनार नाई. मले याच गावात राहाचं हाय."

पुनाजीला चेव आला. पोळ्याला ओरडून म्हणतात तशी झडती त्यानं तिथल्या तिथं जुळवली:

"रस्ता गेला गोव्याले, धूळ आमच्या डोळ्याले,
दांडा आडवा टाकला कोनं, बैल निंघाले पोळ्याले!"

"हर हर महादेव!" बघ्यांनी एकच गजर केला. तो शाळेपर्यंत गेला. मैदानातून एक जोडी आली, मग चार, मग सगळीच. मागून धापा टाकत खुद्द पाटील.

"मी तोडनार नाई!" हाताची घडी घालून ते ओरडले. "पाहू कशी काढते बैल!"

मनकर्णाबाईनं कासरा सोडला नाही. इकडे लक्झरीचा ड्रायव्हर खिडकीतून आईबहिणीवर उतरलेला. मॅनेजरचं डोकं फिरलं. त्यानं नत्थूला बाजूला ढकललं आणि दोर स्वतः खाली खेचला. दांडा वर गेला, सुतळी ताणली, आणि तटकन तुटली. आंब्याची पानं त्याच्याच डोक्यावर पडली.



"फुटला!" पुनाजीनं बोंब ठोकली. "सायबानं पोळा फोडला रे!"

"निंघ रे बांड्या! निंघ माह्या राजा!" मनकर्णाबाई ओरडली, आणि तिची जोडी दांड्याखालून पहिली निघाली. मागून अख्खं गाव. मॅनेजर दोराला लोंबकळत उभा. तो दोर सोडणार, तोच नत्थूनं दम भरला, "सोडू नोका! बैलाले लागलं तं हे लोक तुमाले सोडनार नाई." मग काय, शेवटचं खोंड निघेपर्यंत साहेब दोर धरून घामाघूम. सगळ्यांच्या मागून, मान खाली घालून, पाटलांचीही जोडी गेली.

शेवटी लक्झरी गेली. मॅनेजर टपरीत टेकतो न टेकतो, तर दारात पुन्हा घुंगरं वाजली; जोडी घेऊन मनकर्णाबाई उभी.

"बोजारा टाका, सायेब."

"कसला बोजारा?"

"पोळ्याच्या दिवशी बैल दारात आले का घरधनी पैशे देते. हे दार आमच्या वेशीत हाय."

बाहेर सगळं गाव उभं. मॅनेजरनं गल्ला उघडला, एक नोट काढली आणि तिच्या पदरात टाकली. मग रोजच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "पावती?"

"पुढच्या पोळ्याले देईन," मनकर्णाबाई म्हणाली. "इथंच येतो आमी."